विझलेल्या इंजिनांचा नाताळ

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमधल्या आणि काही प्रमाणात अमेरिकेतल्या रेल्वेवेड्या घरांमध्ये नाताळच्या दिवसांत एक छोटीशी रीत रुजली: मेजवानी आटोपल्यावर, किंवा आदल्या रात्री झाड सजवून झाल्यावर, वाफेच्या इंजिनांच्या आवाजाची जुनी ध्वनिमुद्रिका लावायची आणि घरातल्या मंडळींनी ती गाण्याच्या मैफलीसारखी एकाग्र होऊन ऐकायची. चर्चच्या उपासनाविधीत हिला स्थान नाही, लोकसाहित्याच्या कोशांत हिची नोंद शोधण्यात अर्थ नाही, आणि ज्या घरांत ती पाळली जाते तिथेही तिला रीत म्हणावे असे कुणाला सहसा सुचत नाही. तरीही अशा घरगुती रीतींचा इतिहास लिहिता येतो, कारण त्या निराधार जन्माला येत नाहीत. नाताळ हा घरी परतण्याचा, म्हणजेच आगगाडीचा सण झालेला होता. तो एकत्र बसून काही ऐकण्याचाही सण झालेला होता. आणि नेमक्या ज्या दहा-पंधरा वर्षांत वाफेची इंजिने मोडीत निघाली, त्याच वर्षांत त्यांचा आवाज टिपणारी साधने सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. या तीन गोष्टी एकत्र आल्या नसत्या, तर इंजिनाच्या धापेला सणाच्या दिवशी दिवाणखान्यात जागा मिळाली नसती.

यांपैकी पहिली गोष्ट सर्वांत जुनी आहे. आज ज्याला इंग्रजी नाताळ म्हणून ओळखले जाते त्याचा बराचसा भाग व्हिक्टोरिया राणीच्या काळात घडला, आणि हाच रेल्वेच्या विस्ताराचाही काळ होता. १८४० मध्ये एका पेनीत देशभर पत्र पोहोचवणारी टपालव्यवस्था सुरू झाली आणि १८४३ मध्ये हेन्री कोल यांनी पहिले छापील नाताळपत्र काढले. ही पत्रे वेळेत पोहोचत ती रेल्वेच्या टपालडब्यांमुळे. कारखान्यांच्या शहरांत स्थायिक झालेला कामगार सणाला गावी जाऊ लागला तोही रेल्वेनेच, आणि १८७१ च्या कायद्याने इंग्लंड, वेल्स व आयर्लंडमध्ये २६ डिसेंबरही सुटीचा दिवस ठरल्यावर या येण्याजाण्याला आणखी अवकाश मिळाला. चार्ल्स डिकन्सने आपल्या साप्ताहिकाचा १८६६ चा नाताळ विशेषांक मग्बी जंक्शन या काल्पनिक रेल्वेस्थानकाभोवती रचला, ही गोष्ट त्या दृष्टीने बोलकी आहे. त्या अंकातली ‘द सिग्नलमन’ ही भयकथा बोगद्याच्या तोंडाशी घडते आणि ती बरीचशी कानांवर उभी आहे: खिंडीत घुमणारी हाक, तारयंत्राची घंटा, जमीन हादरवीत येणारी गाडी. ही कथा लिहिण्याच्या आदल्या वर्षी, ९ जून १८६५ रोजी, केंटमधल्या स्टेपलहर्स्ट येथील अपघातातून डिकन्स स्वतः वाचला होता, त्यामुळे रेल्वेचे आवाज त्याच्यासाठी केवळ प्रगतीची खूण राहिलेले नव्हते. नाताळच्या रात्री शेकोटीभोवती भुताच्या गोष्टी सांगण्याची इंग्रजी प्रथा आणि रेल्वे यांची सांगड त्या अंकाने घातली आणि ती तुटली नाही.

त्या काळात नाताळच्या दिवशीही गाड्या धावत. संख्या कमी असे, पण रूळ ओस पडत नसत. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर, विशेषतः १९६० च्या दशकात, ही वाहतूक आटत गेली. स्कॉटलंडमध्ये ती अधिक काळ टिकली, कारण तिथल्या प्रेस्बिटेरियन परंपरेत नाताळाला फारसे महत्त्व नव्हते आणि तो दिवस सार्वजनिक सुटीचा झाला तोच मुळी १९५८ मध्ये. आज ब्रिटनच्या राष्ट्रीय रेल्वेजाळ्यावर २५ डिसेंबरला प्रवासी गाड्या जवळजवळ धावतच नाहीत. वर्षातल्या ज्या एका दिवशी देशातली स्थानके बंद असतात, त्याच दिवशी घराघरांतून आगगाडी ऐकली जावी, हा विरोधाभास कुणी योजलेला नाही, पण या रीतीचे स्वरूप समजून घेताना तो लक्षात ठेवावा लागतो.

घरात आगगाडी आणण्याची सवय ध्वनिमुद्रिकेच्या आधी खेळण्याने लावलेली होती. जर्मनीतल्या मेर्क्लिन कंपनीने १८९१ मध्ये ठरावीक मापाचे रूळ आणि त्यांवर चालणाऱ्या गाड्या बाजारात मांडल्या. अमेरिकेत जोशुआ लायोनेल कावेनची लायोनेल कंपनी १९०० मध्ये निघाली. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीने १९२० पासून चावीच्या गाड्या विकल्या. नाताळच्या झाडाभोवती गोल रूळ मांडून त्यांवर गाडी फिरवणे हा अमेरिकेत पुढे जवळजवळ सणाचाच भाग झाला. या खेळण्यांनी आवाजाची उणीव भरून काढण्याची धडपड सतत केली, आणि लायोनेलने १९३५ मध्ये शिटी व युद्धानंतर १९४६ मध्ये धूर आपल्या गाड्यांत आणला. मुलाला गाडी दिसून भागत नाही, ती ऐकूही यावी लागते, हे खेळणी बनवणाऱ्यांना ध्वनिमुद्रकांच्या फार आधी कळले होते.

सणाच्या दिवशी ऐकण्याला जे वळण लागले त्याचे श्रेय मात्र नभोवाणीला द्यावे लागते. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात १९१८ मध्ये सुरू झालेली नऊ पाठ आणि कॅरोल यांची प्रार्थनासभा १९२८ पासून बीबीसीवरून प्रसारित होऊ लागली. कॅरोल म्हणजे नाताळची सामूहिक भक्तिगीते. १९३२ मध्ये पाचव्या जॉर्जने साम्राज्याला उद्देशून नाताळचे पहिले नभोवाणी भाषण केले. ते भाषण लिहून दिले होते रड्यार्ड किपलिंगने, ज्याचा जन्म मुंबईत, जे. जे. कलाशाळेच्या आवारात झाला होता. अशा प्रसारणांमुळे एका ठरावीक वेळी सर्वांनी गप्प बसून एका यंत्राकडे कान लावणे ही नाताळच्या दिवशी शिष्टाचाराची गोष्ट झाली. हा शिष्टाचार आधीच अंगवळणी पडलेला असल्याने पुढे त्या यंत्रातून इंजिनाचा आवाज येऊ लागला तेव्हा घरातल्यांना फार विचित्र वाटण्याचे कारण उरले नाही.

इथे ध्वनिमुद्रणाच्या तंत्राकडे वळणे भाग आहे. ग्रामोफोनच्या सुरुवातीच्या काळात आगगाडी तबकडीवर आली ती बहुतेक नकलेच्या रूपात, स्टुडिओत ढोल, शिट्या आणि घासकागद वापरून. विजेवर चालणारा मायक्रोफोन १९२५ नंतर रूढ झाला, पण त्यासोबत लागणारे मेणाच्या वा लाखेच्या तबकडीवर चर कोरणारे यंत्र इतके अवजड आणि नाजूक होते की ते घेऊन एखाद्या डोंगरातल्या चढणीवर रात्र काढणे अवघडच होते. चुंबकीय फितीवर आवाज टिपण्याचे यंत्र जर्मनीत १९३० च्या दशकात तयार झाले, पण ते इतर देशांत पसरले दुसऱ्या महायुद्धानंतर. बॅटरीवर चालणारी, खांद्याला अडकवून नेता येणारी यंत्रे १९५० च्या दशकाच्या सुरुवातीस आली. या कालक्रमाचा एक परिणाम महाराष्ट्राच्या वाट्याला आला आहे. भोर घाटातला १८६३ मध्ये खुला झालेला लोहमार्ग सदतीस फुटांना एक फूट इतका चढा होता, पण ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेने १९२९-३० च्या सुमारास कल्याणपासून पुणे आणि इगतपुरीपर्यंतच्या घाटमार्गांचे विद्युतीकरण उरकले. प्रगतीच्या हिशेबात ही अभिमानाची गोष्ट होती. परंतु वाफेच्या इंजिनांनी रोजच्या रोज खंडाळ्याचा चढ चढण्याचे दिवस त्यामुळे फितीचे यंत्र येण्याच्या पुष्कळ आधीच सरले, आणि त्या घाटाचा जो आवाज दोन पिढ्यांनी ऐकला तो त्या यंत्राच्या कक्षेत कधी आलाच नाही.

युरोप-अमेरिकेत गाडीचा आवाज स्वतंत्रपणे ऐकण्याजोगा आहे हे ठरले ते मात्र रेल्वेप्रेमींच्या नव्हे, तर संगीतकार आणि ध्वनितंत्रज्ञ यांच्या हातून. पॅरिसमध्ये पिएर शेफर या नभोवाणी-अभियंत्याने बातिन्योल स्थानकाच्या परिसरात टिपलेल्या इंजिनांच्या आवाजांचे तुकडे जुळवून एक रचना केली आणि ती ५ ऑक्टोबर १९४८ रोजी फ्रेंच नभोवाणीवर प्रसारित झाली. नोंदवलेल्या आवाजांनाच स्वर मानून रचलेल्या संगीताच्या प्रवाहाची सुरुवात इथून मानतात. अमेरिकेत एमरी कुक या अभियंत्याने न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेच्या गाड्या रात्री हडसन नदीकाठी टिपून ‘रेल डायनॅमिक्स’ ही ध्वनिमुद्रिका काढली, आणि १९५० च्या दशकाच्या आरंभी ध्वनियंत्रांच्या शौकिनांत ती गाजली. तिचे गिऱ्हाईक रेल्वेचे भक्त असतीलच असे नव्हते. आपले नवे ध्वनिक्षेपक किती खर्जात उतरतात आणि किती उंच शिटी न फाटता वाजवतात, हे पाहुण्यांना दाखवण्यासाठी त्यांना गाडी हवी होती. पुढे १९५८ च्या सुमारास स्टिरिओ ध्वनिमुद्रिका बाजारात आल्या, म्हणजे डावा आणि उजवा असे दोन स्वतंत्र ध्वनिप्रवाह एकाच चरात कोरले जाऊ लागले, तेव्हा खोलीच्या एका भिंतीतून शिरून दुसऱ्या भिंतीतून निघून जाणारी आगगाडी ही नव्या तंत्राची आवडती जाहिरात ठरली. नाताळला घरात नवे ध्वनियंत्र आले की त्यावर आधी काय वाजवायचे, हा प्रश्न अनेक घरांत असाच सुटला असावा.

या साऱ्या खटाटोपातून रेल्वेचा आवाज हा जतन करण्याचा ऐवज आहे अशी दृष्टी ज्याने प्रस्थापित केली, तो माणूस म्हणजे पीटर हँडफर्ड. १९१९ मध्ये जन्मलेला हा इंग्रज ध्वनिमुद्रक व्यवसायाने चित्रपटांतला होता. १९३० च्या दशकात डेनम येथील चित्रपटनिर्मितीगृहात तो कामाला लागला, युद्धकाळात लष्कराच्या चित्रण-विभागात होता, आणि नंतर हिचकॉक, डेव्हिड लीन यांसारख्या दिग्दर्शकांसोबत त्याने काम केले. ‘आउट ऑफ आफ्रिका’ या चित्रपटाच्या ध्वनीसाठी त्याला १९८६ मध्ये ऑस्करचा वाटा मिळाला. पण चित्रपटांतून मिळालेला वेळ आणि पैसा तो कुठे घालवत असे, हे १९५० च्या दशकात त्याने ट्रान्साकॉर्ड या स्वतःच्या नावपट्टीखाली विकायला काढलेल्या आगगाड्यांच्या ध्वनिमुद्रिकांवरून कळते. सुरुवातीच्या तबकड्या मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, म्हणजे एका बाजूला जेमतेम तीन-चार मिनिटे मावतील अशा होत्या. एका गाडीचे येणे आणि जाणे एवढेच तीत बसे. दीर्घकाळ वाजणारी, ३३⅓ फेऱ्यांची तबकडी आली तेव्हा एखाद्या जंक्शनवरची सबंध रात्र तिच्या दोन बाजूंवर मांडता येऊ लागली.

हँडफर्डची खरी ओळख त्याच्या संयमात आहे. त्याच्या ध्वनिमुद्रिकांत निवेदकाचा आवाज सहसा येत नाही; काय ऐकू येत आहे याची माहिती वेष्टनावर बारीक अक्षरांत छापलेली असते, आणि प्रत्यक्ष ध्वनीत फलाटावरचे बोलणे, सिग्नलच्या तारेची खडखड, पाऊस, पाखरे आणि दूरवरून येणारी गाडी एवढेच राहते. गाडी येण्याआधीची शांतता कापून टाकण्याचा मोह त्याने आवरला. चित्रपटात काम केलेल्या माणसाला दृश्याआधीच्या अवकाशाची किंमत माहीत असते, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये. रेल्वेच्या आवाजांच्या पुढे निघालेल्या शेकडो ध्वनिमुद्रिकांपैकी बऱ्याचशा कंटाळवाण्या आहेत, कारण त्यांत इंजिन आहे पण ठिकाण नाही.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीस हँडफर्डच्या ध्वनिमुद्रिका आर्गो या कंपनीमार्फत निघू लागल्या, आणि नाताळच्या दृष्टीने ही सर्वांत महत्त्वाची घटना मानावी लागेल. आर्गो १९५१ मध्ये स्थापन झाली होती व काही वर्षांतच डेका या मोठ्या कंपनीच्या छत्राखाली गेली होती. तिची यादी पाहिली तर एका विशिष्ट सुशिक्षित इंग्रज घराचे चित्र उभे राहते: शेक्सपिअरची नाटके, डिलन टॉमसचे ‘अंडर मिल्क वुड’, कवींची काव्यवाचने, आणि किंग्ज कॉलेजच्या गायकवृंदाने गायलेली नाताळची कॅरोल. याच यादीत आता शाप आणि लिकी यांसारख्या चढणींवरची इंजिने आली. रेल्वे इंजिनचालक जॉन ॲक्सन याच्यावर बीबीसीने १९५८ मध्ये प्रसारित केलेली, लोकगीते आणि कामगारांचे मूळ बोल यांनी विणलेली नभोवाणी-गाथाही पुढे आर्गोनेच ध्वनिमुद्रिकेच्या रूपात काढली. १९५७ मध्ये ताबा सुटलेली मालगाडी थांबवण्याच्या प्रयत्नात ॲक्सनचा मृत्यू झाला होता. कॅरोल आणि इंजिने एकाच दुकानात, एकाच फळीवर, एकाच कंपनीच्या वेष्टनांत मिळत असतील, तर ती एकाच दुपारी एकामागोमाग वाजवली जाण्यात नवल काय? ध्वनिमुद्रिका ही नाताळची सोयीची भेट होती, विशेषतः ज्यांना काय द्यावे हे कुणाला सुचत नाही अशा बापांसाठी आणि काकांसाठी.

अशी ध्वनिमुद्रिका ऐकणे ही आळसावलेल्या दुपारची करमणूक असली तरी तिच्यात जाणकारीला भरपूर वाव होता, आणि रीत टिकण्याचे एक कारण तेही आहे. वाफेच्या इंजिनात वापरून झालेली वाफ प्रत्येक वेळी धुराड्यातून जोराने बाहेर फेकली जाते आणि त्या फेकीने निर्माण झालेली ओढ भट्टीतला विस्तव फुलवते. जितका भार अधिक तितकी वाफ अधिक, आणि जितकी वाफ अधिक तितका विस्तव प्रखर, असा हा स्वतःच स्वतःला आवरणारा मेळ आहे. ऐकू येणारा ठोका म्हणजे ही फेक. दोन सिलिंडरांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी काम करीत असल्याने चाकाच्या एका फेऱ्यात चार ठोके पडतात, तीन सिलिंडर असल्यास सहा. लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेचा अभियंता नायजेल ग्रेसली याच्या तीन सिलिंडरांच्या इंजिनांत मधल्या सिलिंडराची झडप बाहेरच्या दोन झडपांकडून तरफांच्या साहाय्याने हलवली जाई, आणि या तरफांचे सांधे झिजले की सहा ठोक्यांतले अंतर विषम होई. ही लंगडी लय ऐकून सरावलेला कान वेष्टन न पाहता इंजिनाचे घराणे सांगू शकतो. गणितही करता येते. लंडन मिडलंड अँड स्कॉटिश रेल्वेच्या ‘क्लास फाइव्ह’ इंजिनाचे चालक चाक सहा फूट व्यासाचे होते, त्यामुळे ताशी सोळा किलोमीटरने चढ चढताना सेकंदाला साधारण तीन ठोके पडत आणि ताशी शंभराच्या आसपास ते अठरा-एकोणीस होऊन एकसलग गुरगुर ऐकू येई. इंजिनचालक सिलिंडरात वाफ दट्ट्याच्या धावेच्या कितव्या भागापर्यंत सोडतो, याला कट-ऑफ म्हणतात. चढावर तो भाग वाढवला की ठोका उघडा, कर्कश होतो, आणि सपाटीवर कमी केला की मऊ पडतो. माथा गाठल्याची बातमी डोळ्यांआधी कानांना कळते ती अशी.

चढणींवर ध्वनिमुद्रकांची गर्दी होण्याचे कारणही हेच आहे. बर्मिंगहॅमजवळचा लिकीचा चढ सुमारे सव्वातीन किलोमीटर लांब असून ३७.७ फुटांना एक फूट असा आहे, म्हणजे भोर घाटाच्या जवळजवळ बरोबरीचा. तिथे गाडीला मागून रेटा देण्यासाठी जादा इंजिने लावावी लागत. कर्जत-लोणावळा मार्गावरच्या प्रवाशांना ती बँकर या नावाने परिचित आहेत. पुढचे इंजिन शिटी देते, मागची तिला उत्तर देतात, आणि मग दोन-तीन इंजिनांचे वेगवेगळ्या मापाचे ठोके क्षणभर एकमेकांत मिसळून पुन्हा फाकतात. चाक घसरले तर ठोक्यांचा एकदम भडिमार होतो आणि चालक वाफ तोडतो. घसरण्याचे हे क्षण श्रोत्यांना विशेष प्रिय असत, जे चालकाच्या दृष्टीने बघता थोडे निर्दयच म्हणायला हवे. त्याखेरीज ऐकू येतात ते रुळांचे सांधे, जे पुढे सलग जोडलेल्या रुळांमुळे मुख्य मार्गांवरून नाहीसे झाले. वाफेबरोबर तोही आवाज इतिहासजमा झाला, पण त्याची खंत करणारे तुलनेने कमी निघाले.

अमेरिकेत या रीतीला एक असा दस्तऐवज लाभला आहे ज्यात नाताळ आणि इंजिन एकाच फितीवर आहेत. ओ. विन्स्टन लिंक हा ब्रुकलिनमध्ये १९१४ साली जन्मलेला व्यावसायिक छायाचित्रकार १९५५ च्या जानेवारीत एका कंपनीच्या कामानिमित्त व्हर्जिनिया राज्यातल्या स्टाँटन गावी गेला असताना जवळून जाणाऱ्या नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेच्या गाड्या पाहण्यास गेला आणि पुढची पाच वर्षे स्वखर्चाने तिच्या मागे लागला. ही अमेरिकेतली शेवटची मोठी रेल्वे होती जी अजून मुख्यतः वाफेवर चालत होती. तिचा प्रदेश कोळशाचा होता आणि आपली इंजिने ती रोआनोक येथील आपल्याच कारखान्यात बांधत असे. लिंकने रात्री, अनेक प्रकाशबल्ब एकाच वेळी पेटवून, घेतलेली सुमारे २,४०० छायाचित्रे आता जगप्रसिद्ध आहेत आणि त्यांच्यासाठी रोआनोकच्या जुन्या स्थानकात २००४ पासून संग्रहालय आहे. छायाचित्रांनी त्याला म्हातारपणी कीर्ती दिली. १९५० च्या दशकात मात्र त्याने लोकांपुढे आणल्या त्या ध्वनिमुद्रिका. १९५७ पासून त्याने त्यांची एक मालिका स्वतःच काढली.

या मालिकेतले सर्वांत नावाजलेले ध्वनिमुद्रण २४ डिसेंबर १९५७ च्या रात्रीचे आहे. व्हर्जिनियाच्या नैर्ऋत्य भागात रूरल रिट्रीट नावाचे लहानसे गाव आहे. तिथल्या स्थानकात रात्री पेलिकन ही गाडी येते त्या वेळी गावातल्या चर्चच्या घंटावाद्यावर नाताळची कॅरोल वाजत राहावीत अशी व्यवस्था लिंकने केली. ध्वनिमुद्रणात घंटांचे सूर सुरू आहेत, दुरून शिटी येते, गाडी येऊन थांबते, फलाटावर थोडी हालचाल होते, ती पुन्हा निघते आणि ठोके विरळ होत जाताना घंटा पुन्हा वर येतात. हा योगायोग नव्हता आणि लिंकने तो योगायोग असल्याचे भासवलेही नाही. त्याच्या छायाचित्रांतही माणसे त्याने सांगितलेल्या जागी उभी असत. काही अभ्यासकांना अशी मांडणी दस्तऐवजाच्या प्रामाणिकपणाला बाधक वाटते. पण घंटा खऱ्या होत्या, गाडी वेळापत्रकातली होती, आणि त्या मार्गावर वाफेच्या प्रवासी गाडीच्या अखेरच्या नाताळांपैकी तो एक होता. लिंकने केले ते एवढेच की जे दोन आवाज त्या गावात वर्षानुवर्षे वेगवेगळे ऐकू येत होते त्यांना त्याने एका रात्री शेजारी आणून ठेवले. १९६० मध्ये नॉरफोक अँड वेस्टर्नने वाफेचा वापर संपवला.

ब्रिटनमध्ये १९५५ च्या आधुनिकीकरण योजनेने वाफेचा शेवट ठरवला आणि ११ ऑगस्ट १९६८ रोजी ब्रिटिश रेल्वेने मुख्य मार्गावरची अखेरची वाफेची प्रवासी गाडी पंधरा गिनी असे महाग तिकीट लावून काढली. या तेरा वर्षांत जे टिपले गेले तेच पुढच्या सगळ्या नाताळांचे भांडवल झाले. ध्वनिमुद्रिका घेणारा पहिल्या पिढीचा श्रोता रोज ऐकलेला आवाज पुन्हा ऐकत होता. हिवाळ्याशी त्याचा संबंध त्याच्या मनात आधीच होता, आणि त्याला भौतिकशास्त्राचा आधारही आहे: थंड, स्वच्छ रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते, त्यामुळे ध्वनिलहरी वर निसटून न जाता खाली वळतात आणि एरवी ऐकू न येणारी दूरची गाडी अंथरुणात ऐकू येते. ज्यांचे बालपण लोहमार्गापासून दोन-तीन किलोमीटरवर गेले त्यांना म्हणूनच डिसेंबरातली गाडी आठवते, जुलैतली नाही.

दुसऱ्या पिढीला मात्र हा आवाज आठवणीतून नव्हे तर ध्वनिमुद्रिकेतूनच मिळाला, आणि त्यासोबत जिवंत इंजिनांचा एक वेगळा नाताळ मिळाला. वेल्समधली टॅलिलिन रेल्वे १९५१ मध्ये स्वयंसेवकांनी चालवायला घेतली, तिच्या मागोमाग ब्लूबेल आणि इतर अनेक मार्ग तसेच वाचवले गेले. या संस्थांचा वर्षाचा जमाखर्च पुष्कळदा डिसेंबरात धावणाऱ्या ‘सांता स्पेशल’ गाड्यांवर जुळतो, ज्यांत मुलांना भेटवस्तू आणि मोठ्यांना मिन्स पाय मिळतात. मिन्स पाय म्हणजे सुकामेवा भरलेली नाताळची छोटी गोड कचोरी. अशाच एका वाचवलेल्या मार्गावर, सेव्हर्न व्हॅली रेल्वेवर, बीबीसीने डिकन्सच्या त्या सिग्नलमनचे चित्रीकरण करून ते १९७६ च्या नाताळात दाखवले. अमेरिकेत याहून मोठा श्रोतृवर्ग मिळाला तो ‘द पोलर एक्सप्रेस’ या २००४ च्या चित्रपटाने. त्यातल्या गाडीचा आवाज मिशिगनमध्ये जतन केलेल्या पेर मार्केट रेल्वेच्या १९४१ मधल्या इंजिनावरून टिपला गेला, आणि त्या इंजिनाचा क्रमांक १२२५ आहे. अमेरिकी पद्धतीने आधी महिना आणि मग दिवस लिहिला तर हीच नाताळची तारीख होते. इंजिन बांधणाऱ्या लिमा कारखान्याच्या मनात असे काही असण्याचे कारण नव्हते. पण वाफेचे इंजिन कधीच न पाहिलेल्या लक्षावधी मुलांच्या कानांत नाताळची गाडी म्हणून जे धडधडते ते हेच इंजिन होय.

या इतिहासाला एक पुरवणी जोडावी लागते. १९६० च्या दशकातल्या रेल्वेप्रेमींना डिझेल इंजिनाचा आवाज अक्षरशः असह्य होता. वाफेच्या ध्वनिमुद्रणात मागून एखादे डिझेल घुमले तर ते मुद्रण वाया गेले असे मानत. पण डेल्टिक या नावाने ओळखली जाणारी, लंडन-एडिंबरा मार्गावरची शक्तिशाली डिझेल इंजिने २ जानेवारी १९८२ रोजी सेवेतून निवृत्त झाली तेव्हा त्यांना निरोप देण्यासाठी किंग्ज क्रॉस स्थानकात अशीच गर्दी लोटली, अनेकांच्या हातांत ध्वनिमुद्रणयंत्रे होती, आणि ज्या आवाजाने वाफेला हुसकावले त्याच्याही ध्वनिफिती घरी नेल्या गेल्या.